बेलाचे पान, आपट्याचे पान

आमच्या अण्णांना लष्करात जायचे होते. १९७५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते भरतीला गेले. धावण्यात मागे पडले नाहीत, वजन-उंचीत बसले. शेवटी वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवली, ती दोनदा हलवून पुन्हा ठेवली आणि अण्णांना रांगेतून बाजूला काढले. ‘छातीत आवाज आहे,’ एवढेच शब्द घेऊन ते भोगावतीकाठच्या आमच्या गावी परतले. आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. तालमीच्या वस्तादांनी जोर-बैठका बंद करायला सांगितल्या. वडिलांनी मात्र तो विषय घरात पुन्हा निघू दिला नाही, कारण अण्णांचे लग्नाचे वय जवळ येत होते आणि ‘छातीत आवाज’ हे शब्द सोयरिकीच्या बैठकीत परवडणारे नव्हते. तो आवाज कशाचा, हे कुणी विचारले नाही. पुढची एकोणपन्नास वर्षे तो अण्णांच्या छातीत होता आणि आम्हां सर्वांच्या लेखी तो नव्हता.

अण्णा पाटबंधारे खात्यात लागले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर पावसाळा सरला की बर्गे घालायचे आणि मृग जवळ आला की काढायचे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांना त्यातले श्रम कळणार नाहीत. ओली, जड फळी खाचेत बसवायची, खालून येणारा पाण्याचा रेटा सोसायचा आणि पाय घसरू द्यायचा नाही. निवृत्त होईपर्यंत अण्णांनी ते केले. म्हणूनच २०२४ च्या चैत्रात जोतिबाच्या पायऱ्यांवर ते तीनदा बसले, तेव्हा आम्ही ‘वय झाले’ म्हणून मोकळे झालो. अडुसष्ट हे काही फार वय नव्हे, हे मला तरी सुचायला हवे होते. श्रावणात एके सकाळी गोठ्याच्या दारात त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते कोसळले, तेव्हा भाच्याने त्यांना गाडीत घातले आणि कोल्हापुरास माझ्याकडे आणले.

इकोच्या अहवालात दोन आकडे लाल शाईने अधोरेखित केले होते. हृदयातून शुद्ध रक्त घेऊन जाणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी जी झडप असते, ती निरोगी माणसात पूर्ण उघडली की तीन ते चार चौरस सेंटिमीटरची वाट मोकळी होते. एक चौरस सेंटिमीटरच्या खाली ती वाट आली की आकुंचन तीव्र समजतात. अण्णांची वाट ०.७ उरली होती. झडपेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला सरासरी फरक ४० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला की तेही तीव्रतेचे लक्षण. अण्णांचा ५२ होता. झडपेवर चुना साठून ती दगडासारखी झाली होती. धाप, छातीत दुखणे, भोवळ यांपैकी काहीही सुरू झाल्यावर झडप न बदलल्यास सुमारे निम्मे रुग्ण दोन-तीन वर्षांत दगावतात, असे डॉक्टरांनी शांतपणे सांगितले. औषधाने त्रास थोडा कमी होईल, झडप मोकळी होणार नाही, हेही सांगितले.

आमच्या गल्लीतल्या एका ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांची झडप त्याआधी वर्षभरापूर्वीच ‘टावी’ पद्धतीने बदलली होती. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाशी मिटवून बसवलेली, धातूच्या जाळीत शिवलेली नवी झडप जुन्या झडपेत उघडायची आणि नळी काढून घ्यायची. छाती उघडायची नाही, हृदय थांबवायचे नाही. आजोबा चौथ्या दिवशी घरी येऊन ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेले मी स्वतः पाहिले होते. त्यामुळे आमच्या घरात निर्णय होऊन गेला होता. खर्च मोठा होता. रस्त्याकडेची वीस गुंठे जमीन काढायची, हेही अण्णांनी मनाशी ठरवले होते. ‘छाती फाडायची न्हाई’ एवढी त्यांची एकच अट होती, आणि वहिनींची तीच.

डॉक्टर मात्र म्हणाले, आधी सीटी स्कॅन.

इथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. मी चिडले. मी डॉक्टरांना विचारले की, आजार समजला, उपाय समजला, पैशांची सोय होते आहे, मग आणखी तपासण्या कशासाठी? रुग्णालयांविषयी आपल्या मनात एक संशय कायम वस्तीला असतो आणि तो माझ्या तोंडून बोलला. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, “बाई, झडप बंद पडली आहे हे इकोने सांगितले. ती कुठे बसली आहे आणि तिच्या शेजारी कोण राहते, ते सीटी सांगेल. शेजार पाहिल्याशिवाय मी तिथे काहीही बसवणार नाही.”

मूत्रपिंडांचे काम ठीक आहे ना, हे रक्तातील क्रिएटिनिन पाहून आधी तपासले, कारण शिरेतून सोडायचा रंगद्रव त्यांच्यावाटेच बाहेर पडतो. हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून छायाचित्रे घेतली. रंगद्रव आत जाताना अंगभर ऊब पसरली, ‘जणू कुणी कढत पाणी आतून ओतलं’, असे अण्णा म्हणाले. प्रत्यक्ष छायाचित्रणास काही मिनिटेच लागली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी आम्हांला बोलावले. त्यांच्या शेजारी शल्यविशारदही बसले होते. आत्ताच कशाला हे आले, अशी शंका माझ्या मनात चमकून गेली. पडद्यावर करड्या रंगाचे एक वर्तुळ होते. डॉक्टरांनी आधी एका निरोगी माणसाच्या झडपेचे चित्र दाखवले. तिच्या तीन पाकळ्या मधोमध येऊन मिळत होत्या. “बेलाचे पान,” मी नकळत म्हणाले. मग त्यांनी अण्णांचे चित्र लावले. त्यात दोनच पाकळ्या होत्या. एक लहान, दुसरी बरीच मोठी, आणि त्या मोठीच्या मध्यावरून चुन्याने पांढरी झालेली एक शिवण गेलेली. दोन पाकळ्या जन्मापूर्वीच एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या आणि जोडाची खूण तेवढी उरली होती.

अण्णांना महाधमनीची झडप जन्मतः दोन पाकळ्यांची होती. सुमारे शंभर माणसांत एकाची तशी असते; बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. अशी झडप तारुण्यात बहुधा निमूट काम करते. फार तर तिच्यावरून जाणारे रक्त किंचित खळाळते आणि नळी लावणाऱ्याला ते ऐकू येते. मात्र तीन पाकळ्यांनी वाटून घ्यायचा ताण दोघींवर पडत असल्याने ती एक-दोन दशके आधी जीर्ण होते. आपल्याकडे लहानपणीच्या सांधेतापानेही पाकळ्यांच्या कडा चिकटतात आणि चित्र काहीसे असेच दिसू शकते. पण शिवणीचा आकार पाहून हे जन्मजातच आहे, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे त्या भरतीच्या डॉक्टरला खरंच ऐकू आलं हुतं.”

आजवर त्यांना वाटत होते की आपल्याला उगाच बाजूला काढले, कुणाच्या तरी पोराला जागा द्यायची असेल. पन्नास वर्षे उराशी बाळगलेला तो सल त्या खोलीत, आमच्यासमोर, त्यांनी प्रथमच बोलून दाखवला.

आता शेजाराची गोष्ट. महाधमनी जिथे सुरू होते तिथे झडपेच्या प्रत्येक पाकळीमागे भिंतीला एक फुगीर कोनाडा असतो. आपल्या जुन्या घरांत दिवा ठेवायला असतो तसा, असेच म्हणा. तीनपैकी दोन कोनाड्यांत छोटी छिद्रे असतात. ती हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या दोन रोहिण्यांची, डाव्या आणि उजव्या हृदयधमनीची तोंडे. हृदय साऱ्या शरीराला रक्त देते. पण स्वतःचा, विशेषतः डाव्या कप्प्याचा, वाटा ते मुख्यतः झडप मिटलेली असताना, पुढच्या ठोक्याआधीच्या विसाव्यात घेते. मिटलेल्या झडपेवर रक्ताचा साठा तोलून उभा असतो आणि त्यातून रोहिण्या भरतात.

हे सांगत असताना अण्णा एकदम पुढे सरकले. “म्हंजे बंधारा,” ते म्हणाले. “बर्गे घातलं की पाणी उभं ऱ्हातं आन् जॅकवेल त्यातनं उचलती.”

डॉक्टर आमच्याच जिल्ह्यातले, त्यांना हे समजावून सांगावे लागले नाही. ते हसून ‘अगदी तसेच’ म्हणाले. आणि मग अण्णांनी जो प्रश्न विचारला तो मी, शाळेत तीस वर्षे मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारी बाई, आयुष्यात विचारू शकले नसते. “या टावीत जुना बर्गा काढून टाकत न्हाईत? नुसता बाजूला रेटत्यात? मग तो जॅकवेलच्या तोंडावर आडवा बसला तर?”

“आम्ही इथे दोघे बसलो आहोत ते त्याच प्रश्नासाठी,” शल्यविशारद म्हणाले.

नळीवाटे नवी झडप बसवताना जुनी झडप आतच राहते. नवी उघडते तशी जुन्या पाकळ्या भिंतीकडे ढकलल्या जातात. रोहिणीचे तोंड पुरेसे उंचावर असेल आणि कोनाडा ऐसपैस असेल, तर पाकळी आणि भिंत यांच्यात जागा उरते, रक्त बाजूने वाहत राहते. तोंड झडपेच्या बुडापासून दहा-बारा मिलिमीटरहून खाली असेल आणि कोनाड्याचा व्यास तीस मिलिमीटरच्या आत असेल, तर पाकळी त्या तोंडावर झाकणासारखी बसण्याचा धोका असतो. असे शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत घडते, पण घडले तर पुढची काही मिनिटे जीवघेणी असतात. बायकांचे महाधमनीचे मूळ लहान असल्याने त्यांच्यात हा धोका अधिक आढळला आहे. एखाद्या मावशीची किंवा आजीची टावी ठरत असेल तर ही मोजमापे आवर्जून विचारावीत.

द्विदली झडपेत हे गणित आणखी वेगळे असते. गर्भात झडप, महाधमनीचे मूळ आणि रोहिण्यांची तोंडे एकाच परिसरात, जवळजवळ एकाच काळात घडत असतात. एकीची घडण बदलली की शेजारणीचीही काही ना काही बदललेली आढळते. डावी आणि उजवी पाकळी जोडलेली असेल, आणि बहुतेक द्विदली झडपांत जोड तोच असतो, तर दोन्ही रोहिण्या त्या एकाच मोठ्या पाकळीमागून निघतात. पुष्कळदा कोनाडे रुंद आणि तोंडे उंचावर असतात. ती गोष्ट रुग्णाच्या फायद्याची. म्हणून ‘दोन पाकळ्या म्हणजे टावी नाही’ असा सरधोपट नियम करता येत नाही, आणि द्विदली झडपेच्या अनेक रुग्णांत ती नीट बसतेही. अण्णांच्या बाबतीत मात्र डाव्या रोहिणीचे तोंड नऊ मिलिमीटरवर होते. तिच्यापुढची जोड-पाकळी लांब, जाड आणि चुन्याने जड झालेली.

आणखी एक गोष्ट होती. हृदयाच्या मागच्या-खालच्या भागाला दहापैकी आठ माणसांत उजवी रोहिणी रक्त पुरवते. द्विदली झडप असलेल्यांत हे काम डावीकडे असण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, आणि डाव्या रोहिणीचे मूळ खोड आखूड असण्याचेही. अण्णांचे दोन्ही तसेच होते. म्हणजे जे तोंड झाकले जाण्याची भीती होती, त्याच तोंडावर त्यांच्या हृदयाचा बहुतेक सारा शेतमळा अवलंबून होता. शिवाय महाधमनी झडपेच्या वर फुगून ४६ मिलिमीटर झाली होती. द्विदली झडपेसोबत अशी फूग पुष्कळदा येते. टावीने झडप बदलली असती, फूग तशीच राहिली असती. छाती उघडून शस्त्रक्रिया केल्यास जुनी झडप कापून काढता येणार होती, तोंडे डोळ्यांदेखत मोकळी ठेवता येणार होती आणि फुगलेला भागही बदलता येणार होता.

ज्या एका गोष्टीला अण्णांचा नकार होता, तीच दोघे डॉक्टर एकमताने सुचवत होते.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. भाच्याने ‘आजोबांना चालले, मग आमच्या वडिलांना का नाही?’ असे विचारले. त्याचे उत्तर खरे तर पडद्यावरच होते: आजोबांची झडप तीन पाकळ्यांची होती, वय ब्याऐंशी होते आणि त्यांच्या रोहिण्यांची तोंडे उंचावर होती. झडपेचा आजार एक, आणि तिच्या भोवतीचा मुलूख प्रत्येकाचा निराळा. टावीला रुळवणाऱ्या मोठ्या चाचण्यांत द्विदली झडपेच्या रुग्णांना बहुतांशी वगळलेच होते, हेही त्या दिवशी कळले. २०२४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या उत्तर युरोपातील एका अभ्यासात पंचाहत्तरीच्या आतले, कमी जोखमीचे रुग्ण होते. त्यांतल्या सुमारे शंभर द्विदली रुग्णांत टावीनंतरची गुंतागुंत शस्त्रक्रियेपेक्षा जास्त दिसली होती. “गट लहान आहे, त्यावरून शपथ घेता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण तुमच्या वडिलांचे चित्र पाहता मला त्याकडे दुर्लक्षही करता येत नाही.”

गंमत अशी की या पद्धतीचा जन्मच अशा एका झडपेत झाला. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआँ येथे डॉ. आलँ क्रिबिए यांनी सत्तावन्न वर्षांच्या एका अत्यवस्थ माणसात पहिली टावी केली. त्याची झडप द्विदली होती, आणि पायांकडे जाणाऱ्या धमन्या तुंबल्या असल्याने जांघेतल्या धमनीची वाट बंद होती. म्हणून डॉक्टरांनी शिरेतून जाऊन, हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधला पडदा ओलांडून झडप गाठली. त्या माणसाला दुसरा पर्याय उरला नव्हता. अण्णांना होता.

दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात सोने लुटून भाचा घरी आला आणि त्याने माझ्या हातात आपट्याचे पान ठेवले. दरवर्षी ठेवतो. त्या वर्षी मी ते दिव्यापाशी धरून पाहिले. दोन अर्धगोल एकमेकांना जोडलेले, आणि मधोमध शीर. अण्णाही पाहत होते. ते काही बोलले नाहीत, थोड्या वेळाने म्हणाले, “त्या कापणाऱ्या डॉक्टरला फोन लाव. तारीख घे.”

एक प्रश्न त्यांना अडला होता. त्यांच्या वयाला प्राणिज ऊतकाची झडप योग्य होती, कारण धातूच्या झडपेसाठी जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते आणि वरचेवर रक्त तपासावे लागते. ऊतक कुणाचे, असे त्या माळकरी माणसाने विचारले. गायीच्या हृदयावरणाचे, असे डॉक्टरांनी न लपवता सांगितले. अण्णांनी एक रात्र मागून घेतली. सकाळी म्हणाले, “आजवर तिच्याच दुधावर जगलो, आता आणखी एक उपकार.” याबाबत प्रत्येकाचे उत्तर वेगळे असू शकते, प्रश्न मात्र आधी विचारलेला बरा.

२२ ऑक्टोबरला शस्त्रक्रिया झाली. हृदय थांबवताना ते जपणारा द्रव रोहिण्यांच्या तोंडांतून द्यावा लागतो. खोड आखूड असले की नळी पुढे सरकून एकाच फांदीत जाते आणि दुसरी उपाशी राहते. सीटीत ते आधीच दिसले होते, म्हणून काळजी घेता आली, असे शल्यविशारदांनी नंतर सांगितले. माझ्या चिडण्याचे त्यांना काही माहीत नव्हते. मी मान खाली घातली. तिसऱ्या दिवशी अण्णांचे ठोके अनियमित झाले, दोन रात्री आम्ही बाकावर काढल्या, मग ते औषधाने ताळ्यावर आले. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ते घरी आले. छातीचे हाड जुळेपर्यंत तीन महिने जड काही उचलायचे नाही, ही गोष्ट त्यांनी सर्वांत कष्टाने पाळली. त्या हिवाळ्यात बंधाऱ्यावर जाऊन नुसते उभे राहत आणि पोरांना सूचना देत, हे वहिनींनी मला चोरून सांगितले.

घरी सोडताना डॉक्टरांनी एक कागद दिला होता. द्विदली झडप घराण्यात उतरू शकते. रुग्णाच्या सख्ख्या नातलगांपैकी दहांत साधारण एकाची तशी निघते. म्हणून भावंडांनी आणि मुलांनी एकदा इको करावा. न टोचता, न कापता, अर्ध्या तासात होणारी तपासणी. मी माझी केली. बेलाचे पान निघाले. भाच्याची मात्र दोन पाकळ्यांची निघाली. सध्या ती नीट उघडते, महाधमनीही फुगलेली नाही. ठरावीक काळाने इको, रक्तदाबावर लक्ष आणि दातांची निगा एवढेच त्याला सांगितले आहे. दातांच्या किडीतून रक्तात गेलेले जंतू अशा झडपेवर घर करू शकतात, हे ऐकून त्याने पान-तंबाखू सोडली. बापाच्या शस्त्रक्रियेने जे झाले नव्हते ते एका ओळीने झाले.

त्याची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर धावते. तिच्या इकोची वेळ ठरली तेव्हा अण्णा म्हणाले, मी येणार. भाच्याने ‘तुम्ही कशाला दगदग करता’ म्हटले, तर ते चपला घालून दारात उभे राहिले होते.

आत आम्ही दोघेच तिच्यासोबत होतो. डॉक्टर पडद्याकडे पाहत होते, मधूनच काही मोजत होते. अण्णांना राहवेना.

“किती हैत?” त्यांनी विचारले.

“तीन.”

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला, आणि पडदा जरा आपल्याकडे वळवा म्हणाले. त्यांना स्वतः मोजायच्या होत्या.